धोंड्याच्या महिन्यात मागितलेली गाडी

रवि. ३ सप्टेंबर २०२३. केडगाव.

स्टेटस काढून टाकलं. पण ज्यांनी बघू नये त्यांनी सकाळीच बघितलं होतं.

झालं असं. गाडीच्या हँडलच्या मुठी काढत होतो. मूळच्या रबरी मुठी कधीच गेलेल्या. त्यांच्या जागी सुती कासऱ्याची वेणी घालून घट्ट गुंडाळलेली, वर डिंक की काय चोपडलेला. फोटो काढला. खाली लिहिलं, "इटलीची राणी आणि हातात बैलाचा कासरा! कुणा महाभागाचं हे इंजिनिअरिंग?" पुढे हसून हसून रडणारे चेहरे. जुन्या गाड्यांच्या ग्रुपवरही टाकलं. तिथे लोकांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं, मीही त्यात होतो. मग कटरने त्या मुठी उभ्या चिरल्या आणि डब्यात टाकल्या.

दुपारी सुनंदाला तिच्या भावाचा फोन आला. बोलून झाल्यावर शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो, ते स्टेटस काढा."

"का? काय झालं?"

"ते इंजिनिअरिंग माझ्या आईचं आहे."

पळत जाऊन डबा बघितला. घंटागाडी येऊन गेली होती.

सोम. ४ सप्टें.

कंपनीत लक्ष नाही. माझी नोकरीच लोकांच्या मालातली खोट काढायची. एमआयडीसीत सगळे मला वचकून असतात. एक पार्ट हातात घेतला की कुठे ओरखडा आहे ते मला आधी दिसतं. तो पार्ट कुणी केला, कसा केला, हे बघायचं माझं काम नाही. सवय लागली.

गाडी कशी मिळाली ते ग्रुपवर मी रंगवून सांगितलंय. "सासऱ्यांनी प्रेमाने दिली" वगैरे. खरं काय ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी खरं असेल.

अधिक महिना होता. धोंड्याच्या जेवणाला सु.च्या माहेरी गेलो, श्रीगोंद्याकडच्या मळ्यात. मामांनी (सासरे) माझ्या पायांवर पाणी घातलं. मामींनी कुंकू लावलं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. जेवण झाल्यावर मामांनी रीतीने विचारलं, "काय पायजेल, पाव्हणं?" यावर जावयाने म्हणायचं असतं, काही नको, तुमचा आशीर्वाद असू द्या. मग ते आधीच आणून ठेवलेली चांदीची वाटी देतात आणि आपण आढेवेढे घेत घेतो. शाळकरी पोराला विचारलं तरी सांगेल.

मी दारातून कडब्याच्या शेडकडे बघितलं. पोत्याखालून पुढचं चाक दिसत होतं. म्हणालो, "मग ती फादरची गाडी द्या."

हसत म्हणालो खरं, पण थट्टा नव्हती. किती वर्षं डोळा होता त्या गाडीवर.

मामी तुपाचं भांडं घेऊन निघाल्या होत्या, त्या थांबल्या. मेहुणा बाळासाहेब ताटाकडे बघत राहिला. मामांनी उपरण्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "न्या की. तुमचीच हाय."

मला वाटलं, आनंदाने गहिवरले.

बुध. ६ सप्टें.

इंजिन उघडलं.

गाडी म्हणजे गुझ्झी गॅलेत्तो. अंग स्कूटरचं, चाकं मोटरसायकलची, स्टेपनी पुढच्या चाकामागे उभी. पुढे दांडी नाही, त्यामुळे झगा अडकत नाही. इटलीत पाद्री लोक म्हणे हौसेने घ्यायचे. श्रीरामपूरकडे मिशनच्या वाडीत एक इटालियन फादर होते, विहिरी खणायचे, इंजिनं बसवायचे. मामा तरुणपणी त्यांच्या हाताखाली. फादर मायदेशी परतले तेव्हा गाडी मामांना देऊन गेले.

मी धरून चाललो होतो की आत गंज, मुंग्या, उंदराची घरटी निघणार. वर कोंबड्या बसायच्या तिच्या.

आत स्वच्छ. नवं ग्रीस. कार्ब्युरेटर धुऊन, मलमलच्या फडक्यात गुंडाळून जागेवर ठेवलेला. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचं गॅस्केट कॅलेंडरच्या जाड पुठ्ठ्यातून कापलेलं. त्यावर छापलेला महिना नीट वाचता येतो. याच वर्षीचा मार्च.

म्हणजे गाडी पडून नव्हती. पोत्याखाली कुणीतरी ती दुरुस्त करत होतं.

पुठ्ठा हातात घेऊन बराच वेळ बसलो. सु.ला दाखवला नाही. तिला माहीत असणार, नसेल तर आणखी वाईट.

शनि. ९ सप्टें.

सु. बोलते, पण कामापुरतं. भाजी काय आणायची, गॅस संपलाय. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी तरबेज आहे.

रवि. १० सप्टें.

मामांचा फोन. मला वाटलं आता ऐकावं लागणार. तयारी केली होती, माफीचं वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

"पाव्हणं, इंजान उघाडलं का?"

"हो मामा."

"किकचं बुश म्या केलंय. पितळी. जुन्या पंपाचं हुतं, कानशीनं घासलं. जरा वाकडं बसलंय. त्ये तुमी नवं टाका."

"चांगलं आहे मामा ते."

"न्हाई हो. वाकडं हाय. माझं मला ठावं हाय ना."

स्टेटसबद्दल एक अक्षर नाही. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. फोन ठेवल्यावर बुश, म्हणजे किकच्या दांड्यावरची ती पितळी कडी, काढून बघितलं. वाकडं आहे. चालणार नाही. कंपनीत आलं असतं तर मी लाल शिक्का मारला असता.

गुरु. १४ सप्टें. पोळा.

बाळासाहेबाला फोन केला, म्हटलं, पोळ्याच्या शुभेच्छा. तो मेहुणा, वयाने लहान, कधी उलटून बोललेला नाही. आज बोलला.

"दाजी, तुम्ही मागितली म्हणून दिली. जावयाला न्हाई म्हणायची अण्णांची टाप हाय का? आन् कोण मागतं हो असं?"

मी म्हणालो, मला काय माहीत ते अजून तिच्यावर काम करतात.

"आमाला तरी कुठं माहीत हुतं? दुपारी शेडात झोपायला जातो म्हनायचे."

रवि. १७ सप्टें.

मळ्यात जाऊन आलो. एकटा. सु.ला म्हटलं चल, तर म्हणाली, "मागायला तुम्ही एकटेच पुढे झाला होतात."

शेडमध्ये गाडीची जागा मोकळी. खाली तेलाचा डाग, शेजारी बसायचा लाकडी ठोकळा. हत्यारांची पत्र्याची पेटी कडी लावून बंद. मामा ओट्यावर तंबाखू मळत होते. आढेवेढे न घेता सांगितलं. मामा, माझं चुकलं. गाडी पुरी करतो आणि आणून देतो.

तंबाखू मळायचं थांबलं.

"आसं बोलू नगा. अधिकाचं वाण हाय त्ये. दिल्यालं माघारी घेतलं तर पोरीच्या संसाराला बरं न्हाई."

"मामा, असं काही नसतं हो."

"तुमाला नसंल. आमाला हाय."

मी म्हटलं, मग वापरायला ठेवा, नाव माझं, गाडी तुमच्याकडे. त्यावर हसले. "म्हंजी जावयाची गाडी सासऱ्यानं फिरवायची? गाव श्यान घालंल त्वांडात."

म्हणजे घेणंही त्यांना शक्य नाही आणि ठेवणंही. मागताना मी एवढं भक्कम कुलूप घालतोय हे माझ्या ध्यानातही नव्हतं. मला वाटलं होतं जावईपणा म्हणजे दोन दिवसांचा थाट.

मग मागच्या दारी गेलो. मामी भांडी घासत होत्या. मुठींचं बोलायचं होतं. म्हणालो, "मामी, ते मी आपलं गमतीत..."

"व्हय. बाळूनं दावलं मला मोबाईलात. वाचाया येत न्हाई, पर हसनारी त्वांडं दिसली."

त्यांनी एक पातेलं पुरतं घासलं, विसळलं, पालथं घातलं. मग स्वतःच सांगू लागल्या.

"ह्यांच्या तळव्याला मुंग्या येत्यात. रबार धरवत न्हाई. म्हून म्या कासरा वळला. दिवाळीला जायाचं हुतं आमाला श्रीरामपूरला. फादरच्या वाडीत. लगीन झाल्यावर तिथंच ऱ्हायलो की आमी. आनि फादर गेल्यावर ह्याच गाडीवर भांडीकुंडी बांधून हिकडं आलो, सुनंदा पोटात हुती. येकदा तसंच जाऊन यायचं हुतं, दोघांनी. बाळूला कळलं आसतं तर त्यानं जाऊ दिलं आसतं का? म्हून कुनाला बोललो न्हाई."

"मग मी मागितली तेव्हा नाही म्हणायचं होतं ना, मामी."

माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं त्यांनी.

"मला कुनी इचारलं? म्या न्हाई म्हनले आसते."

निघताना त्यांनीच शेवग्याच्या शेंगांची पिशवी दिली. ती घेताना हात आखडत होता, पण घेतली. येताना सगळ्या रस्त्याने कारमधला रेडिओ लावला नाही.

सोम. १८ सप्टें.

सु.ला सांगितलं. श्रीरामपूरचं तिलाही माहीत नव्हतं. डोळे पुसले तिने. मग म्हणाली, "अण्णा कधी कुठे जायचं म्हणाले नाहीत हो. आम्हाला वाटायचं त्यांना मळ्याबाहेर काही नकोच असतं." आणि उठून शेंगा मोडायला बसली.

गणपतीचे दिवस.

काम बंद. पाहुणे, आरत्या, मोदक. आरतीला आलेल्या प्रत्येकाला शेडमध्ये नेऊन गाडी दाखवायचा माझा बेत होता ऑगस्टमध्ये. शेडला कुलूप लावून ठेवलंय. शेजारच्यांनी विचारलं, "राणीचं दर्शन कधी?" म्हटलं, तब्येत बरी नाही तिची.

रवि. १ ऑक्टो.

पुन्हा सुरुवात. निदान पुरी तरी करायची. नवं बुश लेथवर करून घेतलं. वायरिंग नवं. टायर मिळाले.

एक युक्ती काढली. मामांना फोन करून अडल्यासारखं दाखवायचं. म्हणजे त्यांचा हात लागेल, त्यांनाही वाटेल आपण करतोय. विचारलं, "मामा, टायमिंग कसं लावायचं हो? जमेना."

त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं. मग म्हणाले, "पाव्हणं, तुमाला ठावं हाय त्ये. मला कशापायी इचारता?"

रेंज नाही म्हणून फोन ठेवला. केडगावात रेंज नाही!

मंगळ. ३ ऑक्टो.

कालच्या फोनचं अजून डोक्यातून जात नाही. (परवाचा. तारखासुद्धा चुकायला लागल्या.) म्हाताऱ्याला लहान मुलासारखं खेळवायला गेलो. माझं चांगलं वागणंही असलं.

शनि. ७ ऑक्टो.

रंग. ग्रुपवर सगळे म्हणतात लाल कर, लाल इटालियन दिसतो. गाडीचा मूळ रंग सायीसारखा. मामांनी एका बाजूला ब्रशने हात मारून ठेवलेला, खिडक्यांच्या उरलेल्या ऑइलपेंटचा, ओघळांसकट. मूळ रंगच द्यायचं ठरवलं. ओघळ खरवडताना वाईट वाटलं. ठेवावेत का असंही मनात आलं, पण ते नाटक झालं असतं. ओघळ ते ओघळच.

फोटो काढले नाहीत.

रवि. १५ ऑक्टो. घटस्थापना.

सुरू झाली.

किक मारता मारता पोटरी भरून आली, आणि मग एकदम धक-धक-धक. आवाज जाड, सावकाश. हल्लीच्या गाड्यांसारखी किरकिर नाही. सु. वरून गच्चीतून डोकावली. मी हात केला. तिनेही केला, मग आत गेली.

रवि. २२ ऑक्टो.

आज जे केलं ते लिहायलाही संकोच वाटतोय.

सु.ला सांगितलं पेट्रोल टाकून येतो. आणि थेट चांदबिबीच्या महालापर्यंत गेलो. घाटात गाडी रमतगमत चढली. वर उभा राहिलो, खाली सगळं नगर. दोन पोरींनी सेल्फी काढू का विचारलं, गाडीबरोबर. काढा म्हटलं. वाऱ्यात शीळ घालत उतरलो. आठवत नाही याआधी कधी इतका खूश होतो.

मामांची आठवण घरी आल्यावर झाली. एवढा वेळ झाली नव्हती, अगदी एकदाही नाही. याचीच जास्त शरम वाटली. "परत करायची आहे" हे मी जे सगळ्यांना तोंड पाडून सांगत फिरतोय, ते किती खरं आहे?

सु.ने विचारलं, "पेट्रोलपंपावर गर्दी होती?" हो म्हणालो.

मंगळ. २४ ऑक्टो. दसरा.

गाडीला झेंडूचा हार. सु.ने हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं. मामांचा फोन आला तिच्या मोबाईलवर, सोनं घ्या वगैरे. मग विचारलं, गाडीला हार घातला का.

मी मोबाईल घेऊन शेडमध्ये गेलो. म्हटलं, मामा, ऐका. किक मारली, फोन इंजिनजवळ धरला.

पलीकडे काही आवाज नाही. मला वाटलं कट झाला. मग मामा म्हणाले, "जरा हिच्याकडं देतो." मामींकडे फोन गेला. नुसता श्वास. गाडी इकडे धकधकतेय.

"बंद करा आता," मामी म्हणाल्या. "पेट्रोल जळतंय."

बुध. १५ नोव्हें. भाऊबीज.

दिवाळी. सु. माहेरी ओवाळायला, मी नेऊन सोडलं आणि तासाभरात परत. दिवाळी म्हणजे ती दिवाळी. त्यांची जायची. कुणी विषय काढला नाही. मामींनी चकल्या जास्तच आग्रहाने वाढल्या. मी जास्तच खाल्ल्या. बोलायचं नसलं की आपल्याकडे खायला वाढतात, हे बरं आहे.

इटलीहून मागवलेल्या रबरी मुठी आल्यात. बसवल्या. सुबक आहेत, मऊ नाहीत.

शुक्र. २४ नोव्हें.

मामा-मामी आलेत. मामींचे डोळे दाखवायचे होते नगरला. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, थेंब घाला. दोन दिवस राहायचं कबूल केलं, सु. फार खूश.

मामांनी संध्याकाळपर्यंत शेडकडे बघितलं नाही. अंगणात बसले होते, पाठ शेडकडे. शेवटी मीच म्हटलं, मामा, चला, बघा तरी.

आत आले. चप्पल दाराबाहेर काढून. गाडीभोवती सावकाश एक फेरी. हात मागे बांधलेले.

"लई चकचकीत झाली. वळखू यीना."

मग वाकून किकजवळ बघितलं. "बुश नवं टाकलं."

"हो मामा."

"बरं केलं."

हात मागेच. मी म्हटलं, हात लावा ना मामा. म्हणाले, "रंग नवा हाय. माझं हात तंबाखूचं."

शनि. २५ नोव्हें.

आजचं सगळं लिहितो, नाहीतर उद्या मी माझ्या सोयीने आठवेन.

चहा झाल्यावर मामा उठले. टोपी नीट केली. शेडपाशी जाऊन थांबले, मी येईपर्यंत. आणि मला म्हणाले,

"पाव्हणं, जरा येक चक्कर मारू का?"

मला विचारलं त्यांनी. ज्या माणसाने या गाडीवर संसार आणला, पुठ्ठे कापून, कानस घासून ती पुन्हा उभी करायला घेतली, तो टोपी नीट करून मला विचारतो, चक्कर मारू का. मान खाली घालून किल्ली दिली.

खिशातला रुमाल काढून त्यांनी उजव्या मुठीला गुंडाळला. डाव्या मुठीला सु.ने आपली ओढणी फाडून दिली. खरंच फाडली, चांगली होती. एका किकमध्ये सुरू. मला कधी एका किकमध्ये जमलेलं नाही.

मामी पायरीवर बसल्या होत्या, पदर सावरून. उठल्यासुद्धा, अर्ध्या. मामांनी त्यांच्याकडे बघितलं, मग समोर बघितलं आणि गेले. मामी परत बसल्या.

बराच वेळ आले नाहीत. सु. घाबरली, फोन तर इथेच ठेवून गेलेले. मी तिला धीर देत होतो. मनातून वाटत होतं, येऊ नयेत. दौंड रस्त्याला लागावेत, मळ्यात जावेत, गाडी शेडमध्ये लावावी, आणि रात्री बाळासाहेबाचा फोन यावा, दाजी, अण्णा इथे आलेत. म्हणजे मला काही करावं लागणार नाही.

उन्हं उतरताना आले. गाडी शेडमध्ये नेली, जिथे होती तिथेच, स्टँडवर चढवली. रुमाल सोडून घडी घातली. तोंडावर धूळ, डोळे लाल. मी विचारलं, कुठवर गेला होतात?

"गावाच्या फाट्यापतुर गेल्तो."

"अहो मग घरीच जायचं ना मामा!"

"गाडी वळतच हुती तिकडं. आवारली." आणि किल्ली पुढे केली. "लई ग्वाड चालती. जपा."

मामी पायरीवरून बोलल्या, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मला न्हाई बसिवलं ते."

मामा म्हणाले, "पाव्हण्याची गाडी हाय."

मामींनी तोंड फिरवलं. मी किल्ली घेतली. तेव्हाच म्हणायला हवं होतं, मामा, ठेवा. म्हणालो असतो तर त्यांनी तेच वाणाचं उत्तर दिलं असतं, हे खरं. पण मी म्हणालोच नाही, हेही खरं. किल्ली खिशात घातली आणि विचारलं, पाणी देऊ का.

रवि. २६ नोव्हें. सकाळ.

साडेनऊच्या एसटीने जायचं म्हणतात. मामा अंघोळीला गेलेत. मामी तुळशीपाशी.

सु. स्वयंपाकघरात मामींच्या ओटीची तयारी करते आहे. लेकीच्या घरून आई निघाली, ओटी भरल्याशिवाय कशी जाऊ देईल. सुपात तांदूळ, खणाचा कपडा, नारळाला हळदकुंकू लावून झालंय. मी पाणी प्यायला आत गेलो तर म्हणाली,

"अहो, किल्ली द्या."

"कुठली?"

माहीत असून विचारलं. ती नारळाकडेच बघत होती.

"वाण अण्णांनी तुम्हाला दिलं, ते तुमचं. ते काही परत घेणार नाहीत. पण ओटी मी आईची भरतेय. ओटीत पडलेलं कुणी काढून देत नाही. अण्णासुद्धा काढणार नाहीत. आणि आई तर मुळीच नाही."

एवढं सोपं होतं. इतके महिने मी वाट शोधतोय म्हणत होतो आणि ती हिच्या सुपात होती. मामा मानतील का, की ओटीतूनही उचलून परत माझ्यासमोर धरतील, सांगता येत नाही. त्यांना कोंडीत पकडायचं आम्हा नवराबायकोला चांगलंच जमतं.

पण लिहायला बसलोय ते यासाठी नाही. ती म्हणाली "द्या" आणि माझा हात खिशातल्या किल्लीवर घट्ट बसला. चांदबिबीचा घाट आठवला. एका क्षणात मनाने कारणं काढली. या वयात मामांनी चालवू नये. मामींचे डोळे. हायवेचे ट्रक. सगळी खरी कारणं आहेत आणि एकही माझं नाही.

"आत्ता आणतो," म्हणालो आणि इकडे येऊन बसलो.

न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला. सु. हाक मारते आहे. किल्ली अजून माझ्याकडेच आहे.